अकरा काहिलींची अबोली

नवरात्र आलं की जे. पी. नगरातल्या आमच्या घरात नऊ दिवस रंगांची पळापळ असते. कुठल्या दिवशी कुठला रंग नेसायचा याची यादी माझ्या नातीच्या, नेहाच्या मोबाइलवर आठवडाभर आधीच येऊन पडते. ही यादी करणारा देवीला विचारून करतो की साडीच्या दुकानदाराला, हे मला अजून कळलेलं नाही. पण सकाळी ऑफिसला निघायच्या आधी नेहा ओढणी घेऊन बाल्कनीत माझ्याकडे धावत येते, ते मला आवडतं.

"आजी, हा केशरी म्हणून खपेल ना?"

"खपेल की. आंधळ्यांच्या गावात."

"मग हा कुठला?"

"विटकरी. त्यातही धुऊन उतरलेला."

"जाऊ दे. ऑफिसात इतकं कोण बघतंय?"

ती निघून जाते आणि मी तिथंच उभी राहते. कारण नवरात्रातलं बंगळूरचं ऊन तेवढ्यात बाल्कनीत उतरलेलं असतं. भाद्रपदातली भुरभुर संपून हे ऊन येतं तेव्हा ते नुकतं धुऊन वाळत घातल्यासारखं असतं. फार पिवळं नाही, डोळ्यांवर येणारं नाही. दहा ते अकरा. आमच्याकडे त्या तासाला 'बघायचं ऊन' म्हणत. त्याच्या आधी रंग निळसर दिसतो, त्याच्यानंतर तो उन्हाचा होऊन जातो. खरा काय तो त्या तासात. माझं वय ऐंशीच्या पुढं गेलं, रंगाऱ्यांची गल्ली सुटून किती वर्षं झाली, पण दहा वाजले की माझे पाय आपोआप उजेडाकडे वळतात.

मी मूळची बेळगावची. वडिलांचं शिंपीकामाचं दुकान होतं, आणि लहानपणापासून माझं काम एकच, झंपराच्या कापडाची चिंधी मुठीत धरून बाजारात जायचं आणि तिच्या रंगाचा दोरा आणायचा. दोरा किंचित इकडचा तिकडचा झाला तर वडील काही बोलत नसत, नुसतं ते रीळ माझ्या तळहातावर परत ठेवत. उन्हातून परत बाजार. असे चार हेलपाटे झाले की कुणाचाही डोळा तयार होतो. एकोणीसशे साठच्या सुमारास माझं लग्न होऊन मी बंगळूरला, चामराजपेटच्या कडेला रंगाऱ्यांच्या गल्लीत आले, तेव्हा माझ्याजवळ ट्रंकेत चार साड्या होत्या आणि हा एक डोळा. त्यातलं काय उपयोगी पडेल हे मला तेव्हा कुठं ठाऊक!

गल्लीत अकरा घरं, सगळी मराठी, तीनशे वर्षांपूर्वी इकडं आलेली. त्यांची मराठी ऐकून पहिल्या आठवड्यात मी पदराआड हसत होते आणि माझी ऐकून ते उघड हसत होते. मीठ 'स्वल्प' घालायचं, काम झालं की 'आयतु', दाराशी आलेल्या प्रत्येकाला 'बा, बा'. माझे सासरे सगळ्या गल्लीचे अण्णा. त्यांची विधवा थोरली बहीण सगळ्यांची अक्का, आणि सासूबाई नसल्यामुळे घरावर राज्य अक्कांचं. राज्य म्हणजे अगदी राज्यच. डाळ किती शिजवायची इथपासून कुणी कुणाशी किती वेळ बोलायचं इथपर्यंत.

बाहेर मागच्या अंगणात राज्य अण्णांचं. तिथं चुलाणावर तांब्याची मोठी काहील. रेशमाच्या लडी आधी साबणाच्या पाण्यात उकळायच्या, म्हणजे त्यांचा नैसर्गिक चिकटा सुटतो आणि काथ्यासारखं राठ रेशीम हाताला गार, मऊ लागतं. त्या उकळण्याचा वास! पहिल्या दिवशी मला जेवण गेलं नाही. महिन्याभरानं तो वास आला नाही तर मला चुकल्यासारखं व्हायला लागलं. मग रंगाची काहील. डब्यातली पूड गरम पाण्यात कालवून ओतायची, आंबट ॲसिडचे थेंब टाकायचे, आणि बांबूच्या काठ्यांवर टांगलेल्या लडी पाण्यात फिरवत राहायच्या, एका तालात, नाहीतर डाग पडतात. गल्लीच्या गटारीकडे बघून कळायचं आज कुणाकडे काय शिजतंय. सकाळी हळदीचं पाणी, दुपारी डाळिंबाचं. गल्लीतली एक पांढरी मांजर तर सणासुदीला पोपटी असायची.

माणसं हातांवरून ओळखू यायची. अण्णा ओली लडी नेहमी डाव्या हातानं उचलत, म्हणून त्यांचा डावा हात मनगटापर्यंत रंगीत आणि उजवा जेवणाचा, स्वच्छ. दोन वेगळ्या माणसांचे हात एकाला लावल्यासारखे दिसत.

या अण्णांची एक रीत होती. कुठल्याही काहिलीतला रंग उतरवायचा की ठेवायचा, ते अकरा घरांत अण्णाच सांगत. काहील तयार होत आली की त्या घरचा कर्ता दाराशी येऊन "अण्णा, बघता?" म्हणायचा. अण्णा पंचा खांद्यावर टाकून जात, लडीचं टोक वर उचलत, डोळे बारीक करत. पाण्यातला रंग नेहमी जास्त गडद दिसतो, तो वाळल्यावर काय होईल हे आधी दिसावं लागतं. ते अण्णांना दिसायचं. कधी म्हणत, "स्वल्प पिवळा." पसंत पडला तर म्हणत, "सरी." सरी म्हटलं की विस्तव मागं ओढायचा आणि त्यानंतर त्या रंगाविषयी गल्लीत कुणी चकार शब्द काढायचा नाही. नमुना ते कधी जवळ ठेवत नसत. डोळ्यासमोर नमुना धरून रंग करणारा रंगारी म्हणजे पुस्तक बघून परीक्षा देणारा, असं त्यांचं मत.

मला त्या वेळी हे सगळं फार थोर वाटलं होतं. पुढं कळलं की याच थोरपणात आमचा घात होता.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस रेशमाचे व्यापारी शेट्टी आमच्याकडे आले. वर्षानुवर्षं त्यांचं रेशीम आमच्या गल्लीत रंगायला येत असे, आमच्या अकराही चुली त्यावर चालत. पण आता गावाबाहेर एक रंगाचा कारखाना निघाला होता. तिथं वाफेचं यंत्र होतं आणि एका वेळी आमच्या दहा काहिलींएवढं रेशीम एकाच रंगात निघायचं. शेट्टी माणूस सरळ. ओसरीवर बसून त्यांनी कानडीत स्वच्छ सांगितलं, "अण्णा, या दिवाळीला सगळ्या बायकांना कनकांबरच पाहिजे. माझ्या विणकरांना मोठा लॉट लागणार, आणि सगळा एका रंगाचा. तुमच्या अकरा चुलींतून अकरा कनकांबर निघाले तर मी काय करू? नवरात्राच्या पंचमीला येतो. एक रंग दिसला तर पुढंही सगळं रेशीम इथंच. नाहीतर मला कारखान्याकडे जावं लागेल."

कनकांबर म्हणजे आपली अबोली. सगळ्यांत अवघड रंग. त्यात गुलाबी आणि पिवळा असे शेजारी शेजारी बसलेले असतात की एकानं जरा कोपर मारलं की दुसरा खाली पडतो. शेट्टींनी पिशवीतून एका साडीचा तुकडा काढून नमुना म्हणून पुढं केला. अण्णांनी तो बघितलासुद्धा नाही.

"मला कनकांबर दाखवता?" म्हणाले, आणि तुकडा परत केला.

ठरलं असं, की आधी आमच्या घरची काहील लागेल आणि तिच्या रंगावर बाकीची दहा घरं आपापल्या काहिली लावतील. दुसऱ्या दिवशी अण्णांनी रंग केला, लडी उचलली, "सरी" म्हणाले, आणि यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, विस्तव ओढला. वाळत घालायचं काम बायकांचं. सकाळी दहाच्या उन्हात मी लडी बांबूवर टांगत होते आणि माझा हात थांबला.

ती अबोली नव्हती. गुलाबी होती. छान गुलाबी, पण गुलाबी.

मी यांना बोलावलं. हे म्हणाले, "ओली आहे. वाळू दे." वाळली. तशीच. हे ती उलटवून बघत हळूच म्हणाले, "अण्णांनी सरी म्हटलंय." अक्कांना दाखवलं. त्यांनी माझ्याकडेच असं बघितलं, जणू रंग मीच बिघडवला. "आयतु. झाला म्हणजे झाला. नवी सून आहेस, डोळे जरा खाली ठेव."

पण मला त्या दिवशी उमगलं की हे सगळ्यांना माहीत होतं. उन्हाळ्यापासून माहीत होतं. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. पांढरं त्यांना पिवळट दिसायचं, आणि जग आधीच पिवळं दिसणारा माणूस काहिलीत पिवळा कमीच टाकणार. अण्णा "सरी" म्हणून गेले की लोक त्यांच्या माघारी गुपचूप पुन्हा विस्तव सारत आणि रंग नीट करत. कुणी कुणाला बोललं नव्हतं. सगळी गल्ली एका म्हाताऱ्याचा मान सांभाळत होती, आणि तो म्हातारा समजत होता की आपला डोळा शाबूत आहे. आजही मला त्या गप्प बसण्याचं कौतुक वाटतं आणि रागही येतो. मायेनं माणसाला आंधळं ठेवायचं म्हणजे काय! शिवाय या वेळी गुपचूप काही भागणारं नव्हतं. दहा घरं दहा अंदाजांनी दुरुस्ती करणार, आणि पंचमीला शेट्टी दहा अबोल्या बघणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलवाली आली. अक्कांनी देवीसाठी कनकांबराचे चार हात गजरे घेतले. बाकीच्या दहा घरांचे कर्ते आमच्या अंगणात जमत होते, पहिली काहील बघायला. मी परातीतून एक गजरा उचलला. मी तो नेऊन बांबूवरच्या लडींवर आडवा ठेवला आणि मागं सरले.

बघायच्या उन्हात ते फूल आणि ते रेशीम इतकं वेगळं दिसलं की एका माणसाच्या तोंडून "अय्यो" निघून गेलं. तेवढ्यात अण्णा बाहेर आले.

"हे कुणी ठेवलं?"

"मी ठेवलं, अण्णा."

"कशाला?"

"बघा की जरा."

अण्णांनी एका हातात गजरा घेतला, दुसऱ्यात लडी. वाकून बघितलं. उन्हाकडे वळून बघितलं. मग समाधानानं मान हलवली. "एकच तर आहे. फुलातून काढल्यासारखं." आणि कौतुकाची वाट बघत सगळ्यांकडे वळले.

"दत्ता, एकच आहे नव्हे?" त्यांनी यांना विचारलं. हे जमिनीकडे बघत राहिले. अण्णा एकेकाच्या तोंडाकडे बघू लागले, आणि मला वाटतं, सातव्या-आठव्या चेहऱ्याला त्यांना कळलं. त्यांनी गजरा नीट परत लडीवर ठेवला. पंचा खांद्यावर घेतला. आत गेले.

पुढचे दोन दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही. पाऊस परत भुरभुरायला लागला. अकरा काहिली थंड. घटस्थापना झाली होती, घरात देवी बसलेली, आणि अण्णा भिंतीकडे तोंड करून झोपलेले. अक्का माझ्या ताटात वाढत, पण माझ्याकडे बघत नसत. एकदाच बोलल्या. "आलीस काय आणि सगळ्यांसमोर घराची मान खाली घातलीस काय." मला रडू आलं आणि खरं सांगते, बेळगावची गाडी कधी असते हेही मनात येऊन गेलं. मी जे दाखवलं ते खरं होतं, पण दाखवायची ती जागा नव्हती. एकट्याला सांगायला हवं होतं. पण एकट्याला सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं का? हा हिशेब माझा अजून सुटलेला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी मला हाक मारली. ते उठून बसले होते, पुढ्यात एक जुनी कापडी गुंडाळी. आत रेशमाचे पंधरा-वीस तुकडे, सगळे अबोलीच्या घरातले. कुणी गुलाबीकडे झुकलेला, कुणी पिवळ्याकडे, फरक अगदी केसाएवढा.

"हे ओळीनं लाव. पिवळा कमी तो आधी."

मी लावले. त्यांनी डोळे मिटले आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटाला बोटं फिरवली. तेव्हा मला दिसलं की प्रत्येकाला गाठी होत्या. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, अशा. "माझा बाप मला असंच शिकवला," ते म्हणाले. बोटं मध्येच थांबली. "हे दोन उलटे आहेत."

"उजेड नाही, अण्णा. ऊन येऊ दे."

"ऊन नाही आलं तर?"

"मग मी सांगणार नाही."

ते पहिल्यांदा हसले. दहा वाजता ढग जरा फाटले, मी ते दोन तुकडे अंगणात नेले आणि बघितल्याबरोबर चूक दिसली. जागा बदलल्या. अण्णांनी परत गाठी मोजल्या आणि गुंडाळी बांधून टाकली.

"उद्या माझ्याबरोबर काहिलीवर ये."

अक्का स्वयंपाकघरातून ओरडल्या, "बाईमाणूस काहिलीवर? बाईची सावली पडली की रंग बिघडतो, आपला आजोबा सांगून गेला!"

"सावली माझीपण पडते की," अण्णा म्हणाले. "माझ्या सावलीनं कनकांबर गुलाबी झाला. आता हिची पाडून बघू."

चतुर्थीचा तो दिवस. आधी आमच्या घरची गुलाबी लडी पुन्हा पाण्यात गेली. रेशीम एकदा जास्त उकळलेलं चालतं, दोनदा नाही, त्याची चमक जाते. म्हणजे दुसरी संधी नव्हती. अण्णा पळीनं पिवळा सोडत होते, मी लडीचं टोक वर धरून बघत होते. पाण्याची धग, आंबट वास, चुलीचा धूर, आणि माझ्या हातात ती गरम, गळती लडी.

"अजून."

"किती?"

"स्वल्प." माझ्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा निघाला तो तेव्हा. "अजून एक थेंब. थांबा!"

आणि मग आम्ही गल्लीत निघालो. पुढं अण्णा, मागं मी, डोक्यावर पदर, हातात आमच्या लडीचा एक वाळलेला झुपका. होय, नमुना! अण्णांनी स्वतः तो माझ्या हातात दिला होता. दारादारातून बायका बघत होत्या. पुरुष चुलाणाशी ताठ उभे. अण्णा प्रत्येक ठिकाणी आधी पाणी ओंजळीत घेऊन बोटांनी चोळून बघत. गल्लीत तीन विहिरी होत्या आणि तिन्हींचं पाणी वेगळं. "हे पाणी जड आहे, आंबट दोन थेंब जास्त लागणार," असं ते सांगत. ते मला सात जन्मांत कळलं नसतं. मी फक्त बघत होते, पण बघणंही काही सोपं नव्हतं. पाचव्या काहिलीपर्यंत माझे डोळे इतके अबोलीनं भरले की मला भिंतसुद्धा तशीच दिसायला लागली. अण्णा म्हणाले, "आकाशाकडे बघ. पन्नास आकडे मोज. मग बघ." तोही त्यांच्या वडिलांचा धडा.

सातव्या घरचे म्हातारे मात्र अडले. "अण्णा, तुम्ही बघा. सुनेला माझ्या काहिलीत बघू देणार नाही."

अण्णा त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसले, पंचा पसरून, अगदी आरामात. "मग बसतो. तुझी काहील आटू दे. मला काय, मला दिसत नाही."

चुलीवर लडी, पाणी आटतंय, आणि गल्लीचा सगळ्यांत मोठा माणूस दारात ठाण मांडून. म्हाताऱ्यानं पाचेक मिनिटं दम धरला. मग बाजूला सरकला. मी लडी उचलली, बघितली आणि म्हणाले, "तुमचा झालाच आहे, काका. काही घालू नका." तो माणूस इतका खूश झाला की त्यानंतर मला गल्लीत कुणी काही बोललं तर तो आधी भांडायला यायचा.

पंचमीला आकाश स्वच्छ झालं. गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बांबू बांधले आणि अकरा घरांच्या लडी मुद्दाम मिसळून एका रांगेत टांगल्या. दहा वाजले. ऊन उतरलं आणि सगळी गल्ली अबोलीची झाली. वाऱ्यानं लडी हलत होत्या, पांढऱ्या भिंतींवर त्यांची झाक पडली होती, आणि बांबूखालून जाणाऱ्या अक्कांचे पिकलेले केससुद्धा अबोली दिसत होते. मी आयुष्यात पुष्कळ सुंदर गोष्टी बघितल्या, पण आपण केलेली आणि इतकी सुंदर अशी ती पहिली.

शेट्टी आले. छत्री मिटून एका टोकापासून चालत निघाले. थांबत, लडी उलटवून बघत, पुन्हा चार पावलं मागं जात. एकदा ते एका जागी इतका वेळ उभे राहिले की माझे पन्नास आकडे मोजून झाले. शेवटच्या टोकाला पोचले, वळले, परत आले.

"यातली तुमच्या घरची कुठली?" त्यांनी आमच्या यांना विचारलं.

हे बघत राहिले. त्यांना सांगता येईना. मग सातव्या घरच्या काकांना विचारलं, त्यांनी मोठ्या विश्वासानं एका लडीवर हात ठेवला. गाठ सोडून आतली घराची खूण बघितली तर ती दुसऱ्याच घरची! त्या दुसऱ्या घरच्यांनी आपली म्हणून दाखवली ती तिसऱ्यांची. असा गोंधळ उडाला, असं हसू उसळलं की शेट्टीसुद्धा छत्री टेकून हसायला लागले. "नाही जात मी कारखान्याकडे," ते म्हणाले. "तिथं यंत्र एक असतं म्हणून रंग एक निघतो. इथं अकरा चुली आणि तरी एक. अण्णा, तुमची नजर अजून तशीच आहे."

सगळे अण्णांकडे बघू लागले. गप्प राहिले असते तर चाललं असतं. सगळ्या गल्लीनं तो मान त्यांच्याच पदरात टाकला असता, मी सुद्धा.

"नजर माझी गेली, शेट्टी," अण्णा मोठ्यानं म्हणाले, टोकाच्या घरापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "ही नजर माझ्या सुनेची. नोडी, बघा, ती उभी आहे."

मला गर्व झाला. झाला म्हणून सांगते. लोक म्हणतात गर्व करू नये, पण ते बहुतेक ज्यांना कधी करायला मिळाला नाही तेच म्हणतात. त्या रात्री देवीच्या आरतीला अक्कांनी तबक माझ्या हातात दिलं. त्यांच्याकडून तेवढं पुष्कळ होतं.

त्या दिवाळीला मार्केटजवळ आम्ही दोघं फिरायला गेलो होतो, आणि समोरून एक बाई आमची अबोली नेसून आली. मी वळून वळून बघत राहिले. यांना वाटलं मला तशी साडी पाहिजे. पुरुषांना काय सांगणार!

माझेही मोतीबिंदू मागं काढले. सकाळी गेले आणि जेवायला घरी. अण्णांच्या वेळी तसं नव्हतं. तो आधी पिकावा लागायचा, फणसासारखा, आणि डॉक्टर वर्षभर "अजून पिकला नाही" म्हणून परत पाठवत होते. अखेर पुढच्या श्रावणात शस्त्रक्रिया झाली. कितीतरी दिवस डोळ्यांवर पट्टी, मान हलवायची नाही. आणि मग जाड भिंगांचा चष्मा लावून अण्णा अंगणात आले तेव्हा लहान मुलासारखे झाले होते. आभाळाकडे बघत म्हणाले, "अरे, हे इतकं निळं होतं?" माझ्या हिरव्या साडीकडे बघून म्हणाले, "ही मी करडी समजत होतो." आम्ही सगळे हसलो. मीही हसले. पण आत कुठंतरी मला कळत होतं की माझं वर्ष संपलं. वर्षभर मी अकरा घरांत जात होते, वर्षभर लोक दाराशी येऊन माझं नाव घेत होते. आता डोळ्यांचा धनी परत आला. हे बरोबरच होतं, आणि तरी मला रात्रभर वाईट वाटत राहिलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात बसून कॉफी पीत होते. दाराशी सातव्या घरच्या काकांचा आवाज आला, आणखी दोघंतिघं होते. "अण्णा, काहील लागली आहे. डोळे आले आता तुमचे. चला, बघता?"

मी पेला खाली ठेवला. अण्णा ओसरीवर बसले होते, नवा चष्मा पंच्यानं पुसत.

"मला कशाला बोलवता?" ते म्हणाले. "बसा स्वल्प. तिची कॉफी व्हायची आहे अजून."

बाहेर चार पुरुष ओसरीवर टेकल्याचा आवाज झाला. अक्कांनी माझ्याकडे बघितलं, पातेलं उचललं आणि माझ्या पेल्यात वरून आणखी थोडी ओतली.

मी ती कॉफी अगदी सावकाश प्यायले.